शेवटच्या ओळीचं पाणी

अक्षता खरातला माणसांपेक्षा डबे बरे वाटतात. डबा बिघडतो, पण बिघडल्यावर शहाणपणा शिकवत नाही.

टेंभुर्णीच्या पुढं तिचं गाव. वय चोवीस, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका. गावाला दिवसाआड पाणी सोडणारा पुंजाराम थकून घरी बसला. त्याच्या जागी कुणाचा पाहुणा लावायचा, यावर पंचायतीत एकमत होईना. तेव्हा अक्षतानं टाकीखाली एक डबा बसवून दिला. डब्यात एक छोटी चिप आणि मेमरी कार्ड. कार्डावर एक साधी यादी, प्रत्येक गल्लीची एक ओळ: कोणता वॉल्व्ह, किती वाजता, किती मिनिटं. सहा गल्ल्या, सहा ओळी. डबा ओळ वाचतो, पाणी सोडतो. आठ महिने बिनबोभाट चाललं. म्हणून कुणी तिचं नावही काढलं नाही.

मार्चमध्ये भीमनगरचं, म्हणजे तिच्याच गल्लीचं, पाणी बंद झालं. बाकी पाच गल्ल्यांना येत होतं.

"चार दिस झाले, हापशावरून आणून राह्यले," कौसल्याबाई, तिची आई, घागर टेकवत म्हणाली. "तुझाच डबा ना गं?"

अक्षता पंचायतीत गेली. तिथं संगणकावर राधेश्याम बसतो. सरपंचांचा भाचा. त्याचं संगणक कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये आहे. फ्रेमला हारसुद्धा आहे.

"यादीला हात लावला का?"

"बिलकुल न्हाई."

"मग वेळा बदलल्या कशा?"

"त्या मीच बदलल्या. हात कुठं लावला?"

खुर्चीतून सरपंच काकासाहेब बोलले, "पोरी, तुमच्याकडं प्रेशरच न्हाई. चढ हाय तिकडं."

भीमनगर नाल्याला लागून आहे. गावात त्याहून खाली फक्त नाला. तरी खोलीतल्या चार माना हलल्या.

तिनं कार्ड पाहिलं. सहाही ओळी जागेवर, वेळा बरोबर. अर्धी दुपार गेली, तेव्हा जे दिसत नाही ते तिला सापडलं.

ओळ संपली की एडिटर, म्हणजे यादी लिहायचा प्रोग्रॅम, तिथं न दिसणारी खूण ठेवतो. तिच्या लॅपटॉपवरचा एडिटर एक ठेवतो, राधेश्यामचं नोटपॅड दोन. याची तजवीज तिनं आधीच केली होती, जास्तीची खूण डबा टाकून देतो. पण तिचा एडिटर शेवटच्या ओळीनंतरही खूण ठेवतो. नोटपॅडमध्ये ती खाली मोकळ्या ओळीसारखी दिसते.

"खाली मोकळी ओळ व्हती," राधेश्याम म्हणाला. "काढून टाकली. स्वच्छ दिसती."

खूण दिसल्याशिवाय डब्याच्या लेखी ओळ पुरी होत नाही. शेवटच्या ओळीपुढं खूणच नव्हती. डबा ती ओळ सोडून मोकळा होत होता. शेवटची ओळ भीमनगरची.

तिनं समजावून सांगितलं. राधेश्याम खो-खो हसला.

"दिसत न्हाई अशा गोष्टीनं पाणी अडलं म्हणता? ताई, तुमच्यात अंधश्रद्धा चालत न्हाई ना?"

काकासाहेबही हसले. "मंगळवारी मीटिंगमधी बघू."

एकदा एंटर दाबलं असतं तर काम झालं असतं. तिनं कीबोर्ड ओढला. बोट एंटरवर गेलं आणि थांबलं. ती यादी वाचत होती. पहिली वरची आळी, काकासाहेबांची. शेवटी भीमनगर. वेळ प्रत्येक ओळीतच लिहिलेली, डब्याला क्रमाशी देणंघेणं नाही. तरी यादी अशी लागली होती. ती राधेश्यामनं लावली नव्हती, तिनंच टाइप केली होती. कुणी सांगितलंही नव्हतं. हात आपोआप तसा चालला होता.

मघापासून ती ज्याला मनात हसत होती, तो निदान फक्त मूर्ख होता.

"काकासाहेब, ओळी वरखाली करते. वेळा त्याच राहतील."

"कर की. त्यानं काय होतंय?"

तिनं भीमनगर वर घेतलं. वरची आळी खाली नेली, आणि तिच्यानंतर काहीच ठेवलं नाही. स्वच्छ.

सकाळी भीमनगरचा नळ सुटला. सव्वासातला राधेश्यामची मोटारसायकल दारात आली.

"जल्दी चला ताई. वरच्या आळीला थेंब न्हाई!"

"प्रेशर नसेल," अक्षता म्हणाली. "चढ हाय तिकडं."

तिकडं खरोखरच चढ आहे.

टाकीखाली काकासाहेब उभे होते. कमरेला टॉवेल, मानेवर साबण. भीमनगरच्या चार दिवसांसाठी मंगळवार होता. साबणासाठी मोटारसायकल होती.

अक्षतानं लॅपटॉप जोडला. यादी संपली की हातातली ओळही धरायची, एवढं डब्याला शिकवलं. दहा मिनिटं लागली. मग वरच्या आळीची वेळ दोन मिनिटं पुढची टाकली, शेवटची खूण मुद्दाम टाळली. दोन मिनिटांनी पाणी सुटलं.

"आता यादी पह्यल्यासारखी कर," काकासाहेब म्हणाले.

"गरज न्हाई. आता शेवटच्यालाही येतं."

"येतं ना? मंग आम्हाला वर घे."

"का?"

लोक जमले होते. काकासाहेबांनी तोंड उघडलं. मानेवरचा साबण वाळून पांढरा झाला होता.

"तसं न्हाई, पोरी..."

"मग कसं?"

काकासाहेब जमलेल्या लोकांकडं बघत, कमरेचा टॉवेल घट्ट करत घराकडं वळले.

यादी अजून तशीच आहे. सहाही गल्ल्यांना पाणी वेळेवर येतं. काकासाहेब मात्र पाण्याच्या दिवशी स्वतः नळापाशी येऊन उभे राहतात, आणि पहिली बादली भरेपर्यंत हलत नाहीत.