घागरीतलं गोडं पाणी

मी मुळातच भित्रा माणूस. लहानपणी बैलाच्या शिंगांना भ्यायचो, मोठेपणी साहेबाच्या टोपीला. पण खरी भीती काय असते ते एका वैशाखातल्या दुपारी कळलं, आणि तेव्हापासून ती आमच्या घरातच राहायला आली.

वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. शेगावच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका गावात मी दवाखान्यात कंपाउंडर होतो. तो सगळा खारपाणपट्टा. विहीर कुठेही खणा, पाणी खारंच लागायचं. आम्ही त्याच पाण्यावर वाढलेलो, त्यामुळे आम्हाला ते कधी खारं लागलं नाही. पाहुणा पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करायचा आणि आम्ही एकमेकांकडे बघायचो, की याला झालं काय? अडचण एकच होती. त्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजायची नाही.

डॉक्टर नागपूरकडचे, तापट पण मनाने सरळ. औषधासाठी ते सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरीचं गोडं पाणी बैलगाडीने मागवायचे. आठवड्याला एक तांब्याची घागर यायची आणि ती औषधांच्या खोलीत झाकून ठेवलेली असायची. एकदा मी चव घेऊन म्हणालो, "डॉक्टरसाहेब, आपल्या विहिरीचं पाणीही असंच तर लागते." ते हसले. "कंपाउंडर, तुमच्या जिभेवर भरवसा ठेवला तर आपण रोग्याचं लोणचं घालू."

मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. माझ्याच बोटाला सुई टोचून रक्ताचे तीन थेंब घेतले. पहिल्या थेंबात निव्वळ गोडं पाणी घातलं. रक्तातल्या गोल गोल पेशी फुगल्या, फुटल्या आणि उरला नुसता लालसर रंग. दुसऱ्यात मिठाचं कडक पाणी घातलं, तर त्याच पेशी आक्रसून त्यांच्या कडांना चुण्या पडल्या. तिसऱ्यात बेताचं मीठ होतं, त्यात त्या जशाच्या तशा राहिल्या. डॉक्टर म्हणाले, "पेशी म्हणजे बारकी पिशवी समजा. तिच्या पातळ कातडीतून पाणी सहज आतबाहेर करतं, मीठ तसं जात नाही. जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी धावतं. तुम्ही कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवता, तेव्हा पाणी सुटतं ना? तेच हे." मी मात्र त्या चुरगळलेल्या पेशींकडे पुन्हा पुन्हा बघत राहिलो. त्या माझ्या होत्या.

त्या वैशाखात विहिरी तळाला गेल्या आणि पटकी आली. पटकीत जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी निघून जातं, रक्त घट्ट होतं आणि सकाळी चालता-बोलता असलेला माणूस संध्याकाळी उरत नाही. त्यावर डॉक्टर शिरेतून मिठाचं पाणी चढवायचे. बाटलीभर उकळलेल्या गोड्या पाण्यात तोललेल्या मिठाची एक पुडी, असं माप ठरलेलं होतं. प्रत्येक बाटलीतला एक थेंब ते आधी रक्तात मिसळून बघायचे.

त्या दिवशी सकाळी शेजारच्या गावचा एक शेतकरी खाटेवर घालून आणला. बाटली मीच तयार केली. गर्दी, रडारड, नातेवाइकांची घाई. थेंब बघायला वेळ मिळाला नाही. डॉक्टरांनी बाटली चढवली, तरी तो माणूस तासाभरात गेला. "फार उशिरा आणलं," डॉक्टर म्हणाले आणि विहिरींत औषध टाकायला पुढच्या गावी निघून गेले.

ते गेले आणि दवाखान्याला लागूनच असलेल्या आमच्या घरातून आईची हाक आली. बायकोला चार जुलाब झाले होते.

दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, आवाज बसला आणि हाताची बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. नाडी सापडत नव्हती. ती ओठांनीच पाणी मागत होती आणि आई दारात आडवी उभी होती. "पानी देऊ नको रे बापा, पटकीत पानी म्हनजे जहर!" आमच्याकडे तशीच समजूत होती. मला आईशी भांडायलाही त्राण नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. ही मरणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

शिरेत नळी घालायला मी शिकलो होतो. घागरीतलं पाणी उकळून, गाळून, ओल्या फडक्यात गार केलं आणि पुडी घातली. आणि माझी पाचावर धारण बसली. एक पुडी घातली की दोन? काही केल्या आठवेना. म्हणून बोटाला सुई टोचली आणि थेंब काचेखाली धरला.

पेशी चुरगळलेल्या होत्या.

बाटली ओतून दिली. घागरीतलंच पाणी घेऊन दुसरी केली. या वेळी पुडी उघडताना मोठ्याने "एक" म्हणालो. थेंब पाहिला तर पुन्हा त्याच चुण्या. मीठ बरोबर होतं. मग पाणीच खारं होतं.

घागरीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलो. मला ते गोडच लागलं. मला सगळंच गोड लागायचं! तिथेच उभा असताना मला डाळ आठवली.

आठ दिवसांपूर्वी मी ताट सरकवून म्हणालो होतो, "ही डाळ आहे का छर्रे?" आणि त्यानंतर रोज डाळ मऊसूत येत होती. मी बोटं चाटत तिची तारीफ केली होती. बायको फक्त हसायची. आमच्या घराचं मागचं दार औषधांच्या खोलीत उघडत होतं.

 सकाळची बाटलीही याच घागरीची होती.

पण तेव्हा त्याचा विचार करायला सवड नव्हती. गोडं पाणी आणायला पायथ्याला जायचं म्हणजे दिवस गेला असता. हातात होतं ते हेच पाणी. मी पाणी आहे तेच घेतलं आणि मीठ कमी केलं. अर्धी पुडी घातली. थेंब पाहिला, कडा अजून किंचित दुमडलेल्या होत्या. थोडं आणखी पाणी घातलं, पुन्हा बोट टोचलं. एकेक बोट करत डाव्या हाताची पाची बोटं संपली, तेव्हा कुठे काचेखाली गोल, भरलेल्या, शहाण्यासारख्या बसलेल्या पेशी दिसल्या. या पाण्यात मिठाशिवाय आणखी काय काय असेल, ते मला ठाऊक नव्हतं. देवाचं नाव घेतलं आणि नळी लावली.

अर्धी बाटली गेली आणि ती हुडहुडी भरून खाटेसकट हलू लागली. आई ओरडली, "मारलं रे तिले!" मलाही तसंच वाटलं. मी नळी सोडली नाही, एवढंच. दुसरी बाटली संपत आली तेव्हा मनगटात नाडी लागली, अगदी बारीक. मी आईसमोर रडलो.

संध्याकाळी डॉक्टर परतले. मी त्यांना सगळं सांगितलं.  त्यांनी घागर स्वतः उचलून अंगणात पालथी केली. "तो माणूस तसाही गेला असता," ते म्हणाले. मग म्हणाले, "थेंब मी बघायला हवा होता."  त्यानंतर आम्ही दोघांनी हा विषय कधी काढला नाही. तो माणूस तसाही गेला असता का, हे मला आजही माहीत नाही.

चौथ्या दिवशी बायको उशीला टेकून बसली. पेज पिता पिता म्हणाली, "तुमाले एक सांगू? रागावसान नाही ना? मी त्या घागरीतलं पानी डाळीले घेत व्हती. पन जेवढं घेतलं तेवढं विहिरीचं भरून ठेवत व्हती. थेंबभर कमी होऊ दिलं नाही."

मी म्हणालो, "बरं."

"आन त्या दिवशी सकाळी ज्याले खाटेवर आनलं व्हतं, तो बचला का?"

"हाव," मी म्हणालो. "चालत घरी गेला."

"बरं झालं बाई," ती म्हणाली आणि पेज संपवली.

पुढे पस्तीस वर्षं आम्ही संसार केला. परवा ती गेली, म्हणून हे लिहू शकतो आहे. इतकी वर्षं त्या शेतकऱ्याच्या गावचं कोणीही आमच्या दारात आलं, की मी हातातलं काम टाकून आधी बाहेर जायचो आणि ती ओट्यावर नाही ना, ते बघायचो.