खांदेकऱ्यांचा आहेर

भाऊ गेला त्याच आठवड्यात आमच्या दारावरून नशामुक्तीची फेरी गेली. आमचं गाव बेंबळीपासून जवळच. तिकडून निघालेली फेरी आमच्या गल्लीत शिरली, तेव्हा सगळ्यांच्या अंगात पांढरे टी-शर्ट होते. छातीवर लाल अक्षरांत ‘नशेखोर गावाचा कलंक’ आणि पाठीवर हात जोडलेला पुढारी, मानेपासून कमरेपर्यंत. घोषणा देणाऱ्यांत माझा चुलतभाऊही होता. आमच्या दाराशी त्याचा आवाज खाली आला आणि दार ओलांडल्यावर पुन्हा चढला. आई उंबऱ्याशी बसली होती. तिला वाचता येतं. तिनं वाचलं, उठली आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली.

चेहऱ्यासाठी त्या कापडावर एवढी जागा होती. एखाद्याचा श्वास अडकला तर कुणाला बोलवायचं, हे लिहायला मात्र कुठं जागा नव्हती.

माझा भाऊ याशिवाय दुसऱ्या कशानं गेला असं मी मानत नाही. मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत त्यानं आणि त्याच्या मित्रानं नशेचं इंजेक्शन घेतलं. भावाचे ओठ निळे पडले आणि मित्र पळाला. लगेच कळवलं असतं तर हातात वेळ होता, असं डॉक्टर म्हणाले. कुणी कळवलंच नाही. पोलीस धरतील, गाव थुंकेल, बाप घरात घेणार नाही, ही भीती त्या पोराच्या पोटात कुणी घातली? ज्यांनी घातली, तेच आता फेरी काढत होते.

पुण्यात कामाला असताना भाऊ एका संस्थेत जायचा. आधी नशा सोड, मग ये, असं त्याला तिथं कुणी म्हटलं नाही. जखमा धुतल्या, स्वच्छ सुई दिली, जेवलास का म्हणून विचारलं. ही संस्था टी-शर्ट विकून त्या पैशातून हे काम चालवते आणि फोनवर रात्रंदिवस माणूस बसवते. मी त्यांच्याकडून काही टी-शर्ट मागवले. धाराशिवच्या स्टँडवर जाऊन बसमधून गठ्ठा उतरवून घेतला. गडद निळं कापड, वर लिहिलेलं, ‘पळू नका. फोन करा. माणूस वाचतो.’ खाली नंबर.

आमच्याकडे तेराव्याला खांदेकऱ्यांना पाटावर बसवतात. तिरडी वाहिलेल्या खांद्याला घरातला कर्ता पुरुष तेल लावतो आणि त्यावर टॉवेल-टोपीचा आहेर ठेवतो. हा आहेर नाकारायचा नसतो. नाकारला तर गेलेल्याचं ओझं खांद्यावरच राहतं म्हणतात. पळालेला तो मित्र दुसऱ्या दिवशी आला होता आणि त्यानं खांदाही दिला होता. त्यानंतर मला बघून तो रस्ता बदलायचा. उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, म्हणजे सुई चालूच होती. त्याच्यापर्यंत तो नंबर पोचवायला माझ्याकडे तेरावा सोडून दुसरा दिवस नव्हता.

मी ताटातल्या टॉवेल-टोपीवर एकेक टी-शर्ट ठेवला. काकांनी वरचा उलगडून पाहिला.

“ह्ये आहेरात? शेण घालत्याल लोकं तोंडात.”

“फेरीत तुमच्या पोरानं घातलेला चालला?”

“त्यो नशेच्या विरोधात हाय.”

“आमच्या दारात कुणाच्या विरोधात होता, काका?”

“लई पुस्तकं वाचल्यावर असंच व्हतंय,” काका अण्णांकडे वळले. “पोरीला आवरा जरा. गेलेला गेला. आता गावभर पाटी लावायची का, आमचं पोरगं कशानं मेलं म्हणून?”

अण्णा माझे वडील. ते मला गप्प बसवतील असं मला वाटलं. त्यांनी काकांच्या हातून टी-शर्ट काढून घेतला, नीट घडी घातली आणि म्हणाले, “पाटी तर तुमच्या फेरीनं लावलीच की.”

मग ते तेलाची वाटी घेऊन पाटांकडे गेले. बाया तिथं जात नाहीत. मी दारातून बघत होते. अण्णांनी रांगेनं तेल लावलं आणि आहेर ठेवले. शेवटच्या पाटावर तो मित्र होता. खांद्यावरचं कापड वाचून तो रडायला लागला.

“अण्णा, मला नगं. म्या पळालो व्हतो.”

“म्हाईत हाय.”

“नगं ओ.”

“आहेराला न्हाय म्हणायचं नसतंय. घाल.”

पलीकडे पंगत बसली होती, ती थांबली. काका ताट सरकवून उठले आणि निघून गेले. बाकीच्या खांदेकऱ्यांनी आपापले टी-शर्ट घाईघाईनं टॉवेलखाली सरकवले. आमचं मीठ खाल्लेली ही माणसं, त्यांना त्या अक्षरांची लाज वाटत होती. मित्रानं मात्र सगळ्यांसमोर आपल्या शर्टावरून तो निळा टी-शर्ट चढवला. तो एवढा वाळला होता, की दोन्ही मिळूनही ढगळच दिसत होते.

जेवण झाल्यावर तो दारापर्यंत आला. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, “अक्का, ह्या नंबरवर कोण उचलतंय?”

“माणसं. दादाला ओळखणारी.”

“पोलिसाला सांगत्यात?”

“नाही.”

“नशा चालू असली तरी बोलत्यात?”

“बोलतात.”

त्यानं छातीवरचं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि मान खाली घालून उलटे दिसणारे आकडे वाचायला लागला. जमेना. मग मी एकेक आकडा मोठ्यानं सांगितला, गल्लीत उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि त्यानं तो फोनमध्ये भरला.