धोतऱ्याच्या काढ्यातली पैसेवारी

"टेप धरा रे नीट. ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत."

शिवलिंगअप्पा तलाठी आमच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे राहून शेत मोजत होते. हातात टेप नव्हता. पेन्सिलही नव्हती, तरी लिहीत होते. मी तेव्हा देवणीकडच्या एका गावात मेडिकल ऑफिसर. लातूर जिल्हा नवा झालेला, आणि पाऊस जणू जुन्या जिल्ह्यातच राहून गेलेला. आमची जीपही तिकडेच अडकली होती, म्हणजे पेशंट उदगीरला हलवायची सोय नाही.

डोळे बघितले. बाहुल्या पसरलेल्या, तोंड कोरडंठाक, अंग तापलेलं, नाडी पळत होती.

"काय खाल्लं यांनी?"

"खाल्लं न्हाई साहेब, पेले," शेजारचे नामदेवमामा म्हणाले. "दमा उठला व्हता. म्या सांगितलं, धोतऱ्याचा वाळका पाला चिलमीत वढा. पर अप्पा बिडीकाडीला शिवत न्हाईत. म्हणून पाला उकळून काढा केला."

झालं. निर्व्यसनी माणूस निर्व्यसनीपणामुळेच मरायला टेकला होता.

धोतरा उकिरड्यावर, बांधावर कुठंही उगवतो, दुष्काळातसुद्धा हिरवा. त्यानं श्वासनळी सैल होते, हे खरं. आमच्या कपाटातलं एक इंजेक्शन त्याच जातीचं. पण ते मी मोजून देतो. कुठल्या पानात किती विष, हे पानावर लिहिलेलं नसतं. धुराचाही भरवसा नाही, आणि अप्पांनी तर तांब्याभर काढा ढोसला होता.

पोट ताबडतोब धुवायला हवं होतं. नळी घेऊन बाहेर आलो तर अप्पांभोवती निम्मं गाव. त्याच आठवड्यात पैसेवारी लागायची होती. म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं, त्याचा तलाठ्यानं द्यायचा अंदाज. पन्नासच्या खाली गेला तर सरकारी दुष्काळ, वर राहिला तर सगळं आबादीआबाद.

"खालच्या शिवारात किती, अप्पा?"

"काय हाय तिथं? ढेकळं. बारा पैसे."

मामा माझ्याच एका कोऱ्या केसपेपरच्या पाठीवर लिहून घेत होते.

"सरका," मी म्हणालो.

"वरचं शिवार तेवढं ऱ्हायलंय, साहेब. अप्पा आज लई खरं बोलायलेत."

माझं डोकंच सटकलं. "अरे, माणूस मरायलाय. मेल्यावर त्या कागदावर सही कोण करणार? मी?"

सहीचं नाव निघाल्याबरोबर आठ जणांनी अप्पांना उचलून टेबलावर दाबून धरलं. सिस्टरांनी नळी घातली, हिरवट पाणी निघालं. अंगावर ओली फडकी टाकली. लघवी तुंबली होती, तिथंही नळी. दोन दिवस मी त्यांच्या खाटेजवळून हललो नाही. मध्येच एकदा त्यांनी माझाच सातबारा मागितला. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी बाहुल्या लहान झाल्या. मामांनी कागद पुढे केला. अप्पांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"आकडे बरोबर हायत," ते म्हणाले. "पर वरून साठ लिहायचा निरोप हाय."

"मग?" मी विचारलं.

"साठच लिहावं लागंल. उगं बदली कोण वढवून घेतंय?"

मामांनी कागदाची घडी केली आणि मला बाजूला घेतलं. "साहेब, त्यो काढा वाईच उरला असंल का?"

उरला होता; पेशंटबरोबर त्याचं पातेलंही दवाखान्यात आलं होतं. मी तो स्वतः खड्डा करून पुरला. धोतरा पोटात घेऊ नये, दम्यासाठी नाही आणि कशासाठीच नाही. मग अप्पांच्या केसपेपरवर लिहिलं: पेशंट पूर्ण शुद्धीवर. वरच्यांचं ऐकतो. डिस्चार्ज.