'आज'च्या अलीकडे की पलीकडे

अक्षरकाकांनी चाळीस वर्षांत एकही नाव चुकवलं नव्हतं, आणि हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. थडग्यांवरच्या संगमरवरी पाट्या कोरणं हा त्यांचा धंदा. त्यावरूनच लोकांनी हे नाव पाडलेलं. कॅथलिक यायचे, त्यांना मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना मागणारी ओळ हवी असायची. दुसऱ्या पंथांचे लोक त्याच ओळीला नाक मुरडायचे. काका दोघांनाही मुकाट्यानं कोरून द्यायचे. आपण फक्त छिन्नी चालवायची, शास्त्र काय ते गिऱ्हाइकानं बघावं, असं त्यांचं सरळ म्हणणं.

मग बायको गेली आणि ते स्वतःच गिऱ्हाईक झाले.

ओळ तिनं आधीच निवडून ठेवली होती. शेजारच्या क्रुसावरच्या चोराला येशूनं दिलेला शब्द तिनं आपल्या अक्षरात चिठ्ठीवर उतरवला होता: मी तुला खरं सांगतो आज तू माझ्याबरोबर असशील. विरामचिन्हांशी तिचं जन्माचं वाकडं. स्वल्पविराम घालायचा राहिला, आणि त्यावरून घर दुभंगायची वेळ आली.

मुलगा प्रोटेस्टंट चर्चमध्ये पाळक. त्याच्या मते स्वल्पविराम 'आज'च्या अलीकडे हवा, कारण आई गेली त्याच दिवशी प्रभूजवळ पोचली. थोरली मुलगी लग्नानंतर ज्या पंथाच्या मंडळीत गेली, तिथं मानतात की मेलेला माणूस शेवटच्या दिवसापर्यंत गाढ झोपेत असतो. तिचा स्वल्पविराम 'आज'च्या पलीकडे: सांगितलं आज, सोबत मिळणार उठल्यावर. दोघांनीही बापाला वेगवेगळं गाठून बजावलं होतं, विराम भलतीकडे पडला तर रविवारी पाटी बसवायला मी येणार नाही.

शनिवारी दुपारी दोघं घरामागच्या कारखान्यात समोरासमोर आली. ओळ कोरून झाली होती, फक्त 'आज'च्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा कोरी होती. काकांनी विचारलं, मूळ ग्रीक बायबलमध्ये काय आहे? जुन्या हस्तलिखितांत असले विरामच नव्हते, हे मुलाला कबूल करावं लागलं. मग आपणही नको घालायला, काका म्हणाले. तर ते दोघांनाही नामंजूर. एवढ्या एका गोष्टीवर भावंडांचं एकमत झालं.

आवाज चढत गेले. तू घरातसुद्धा व्यासपीठावरून खाली उतरत नाहीस, असं ताई म्हणाली. तू नवऱ्याच्या ओंजळीनं पाणी पितेस, असं भाऊ म्हणाला. काकांनी हातातली छिन्नी खाली ठेवली.

"आई कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मला नाही. आणि मला ते कळायला हवंय."

मग सव्वा महिना पोटात ठेवलेलं त्यांनी सांगून टाकलं. त्या दुपारी तिनं आतून हाक मारली होती, अहो, जरा येता का. ते कुणाच्या तरी आडनावाच्या मधोमध होते. येतो, म्हणाले. अक्षर पुरं केलं, धूळ पुसली, आत गेले, तोवर ती गेली होती.

मुलगा लगेच जवळ आला. आई आता प्रभूपाशी आहे, तिला सगळं समजलंय, तिनं कधीच माफ केलंय, असं त्यानं सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं. पण काकांचा चेहरा आणखीच उतरला.

"म्हणजे मी आलो नाही, हे तिला कळलं तर."

मुलगा दाराकडे गेला आणि पाठमोरा उभा राहिला.

मुलगी बापाच्या शेजारी टेकली. तिचा आवाज आता पार खाली आला होता.

"बाबा, झोपलेल्याला वेळ कळत नाही. ती डोळे उघडेल तेव्हा तुमचं 'येतो' तिनं नुकतंच ऐकलेलं असेल. आणि तुम्ही समोर असाल."

काकांना रडू आवरेना. शास्त्र कुणाचं खरं, ते त्यांना तेव्हाही कळलं नाही. त्यांनी पेन्सिल घेतली आणि 'आज'च्या पलीकडे खूण केली. मुलाकडे बघायची हिंमत त्यांना झाली नाही. उद्या तो नसणार, हे त्यांनी गृहीतच धरलं. छिन्नी टेकवली, पण हात ठरेना आणि फळीवरची पाटी सारखी सरकत होती.

मुलगा दारातून परत आला. गुडघ्यांवर बसला आणि पाटी हलू नये म्हणून त्यानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.