दुसऱ्या नंबरची गोलकीपर

"मॅडम, ते टीव्हीवरची आरजू तुमच्याच संग खेळे ना?"

रिसोड आगाराची कंडक्टर वर्षाराणी हिला त्या वर्षी हा प्रश्न दिवसातून दहादा ऐकावा लागे. ती "हो" म्हणायची आणि तिकीट हातावर ठेवायची. पण माणूस तेवढ्यावर थांबत नसे.

"मंग तुमी काहून सोडलं?"

"गुडघा गेला."

हे उत्तर ती आठ वर्षं देत आली होती.

केनवडची ही पोरगी, एसटीनं रिसोडच्या शाळेत यायची. रामधन सरांनी शाळेत मुलींची हॉकी सुरू केली तेव्हा गोलात उभं राहायला कोणी तयार होईना. तो पांढरा चेंडू अंगावर बसला की दगड लागल्यागत होई. वर्षाराणी उभी राहिली. पायाला बांधायला पॅड नव्हते, तर बाजारात गाद्या भरणाऱ्या जमशेदभाईंनी रेक्झिनमध्ये कापूस ठासून पॅड शिवून दिले. ते घेऊन त्यांची मुलगी मैदानावर आली आणि तिथंच रमली. ती आरजू, दोन वर्षांनी लहान. चेंडू येताना डोळे मिटायचे नाहीत, हे तिला वर्षाराणीनंच शिकवलं.

पुढं दोघींचीही पुण्याकडच्या एका अकादमीत निवड झाली. तीन महिन्यांत तिथल्या कोचनं आरजूला पहिली गोलकीपर केलं आणि वर्षाराणीला दुसरी. दुसरीचं काम काय, तर सामन्याआधी पहिलीचा सराव घ्यायचा आणि नंतर बाकावर बसायचं. जिला आपण उभं राहायला शिकवलं, तिच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या! महिनाभर वर्षाराणीनं ते सोसलं. मग एका सकाळी बॅग भरली आणि घरी आली. गुडघा गेला, म्हणाली. दोन महिने पट्टी बांधून लंगडली. एकदा पट्टी उजव्याऐवजी डाव्या गुडघ्याला बांधली गेली, तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

खेळाडूंच्या कोट्यातून एसटीत नोकरी लागली, लग्न झालं. नवरा हरीओम मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तो तिला जमिनीवर जेवायला बसू देत नसे. सासू कस्तुराबाई थंडीत तिच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायच्या. वर्षाराणी डोळे मिटून चोळून घ्यायची.

आणि आरजू भारताच्या संघात गेली. महिला हॉकीच्या प्रो लीगसाठी तिचं नाव आलं, तेव्हा रिसोडच्या स्टँडसमोर तिचं भलंमोठं बॅनर लागलं. रोज सकाळी पहिली फेरी काढताना ते दिसायचं. वर्षाराणी त्याच्याकडं पाठ करून तिकिटं द्यायची.

फेब्रुवारीतले सामने भुवनेश्वरला होते, संध्याकाळचे. हरीओमनं मोबाइल टीव्हीला जोडला, शेजारपाजार गोळा झाला. पहिलाच सामना बरोबरीत सुटला आणि शूटआउटवर गेला. घरातले सगळे "अडव, अडव!" करत होते. वर्षाराणी मनातल्या मनात म्हणत होती, सुटू दे. आरजूनं तीन गोल अडवले आणि भारत जिंकला.

सामन्यानंतर माइक तिच्यापुढं आला. घामानं निथळत ती म्हणाली, "मला गोलात उभं राहायला केनवडच्या वर्षाताईनं शिकवलं. तिचा गुडघा गेला, नाहीतर आज इथं ती असती."

घरात टाळ्या पडल्या. कस्तुराबाईंनी डोळ्याला पदर लावला. वर्षाराणी उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी आपटत बसली. गुडघ्याला काही झालं नव्हतं हे आरजूला पक्कं ठाऊक होतं. अकादमीत दोघी एकाच खोलीत राहायच्या. जागा घेतली, नाव कमावलं, आता हे खोटंही ती मोठ्या मनानं सांभाळणार! शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

जूनमध्ये लीग युरोपात गेली आणि संघाचे दिवस फिरले. हार, पुन्हा हार. टीव्हीवरचे लोक बचाव फळीला दोष देत होते, पण वर्षाराणीला दुसऱ्याच सामन्यात कळलं होतं. आरजू डाव्या पायावर लवकर बसत होती. उजवीकडचा वरचा कोपरा उघडा पडायचा आणि चेंडू तिथूनच जायचा. तिनं मोबाइलवर लिहिलं, 'डाव्या पायावर लवकर बसू नको.' एवढं वाचून पाहिलं आणि पुसून टाकलं.

त्याच कोपऱ्यातून आणखी पाच गोल झाले. मग आरजूला बाकावर बसवलं. हातात पाण्याची बाटली घेतलेली आरजू पडद्यावर दिसली, त्या संध्याकाळी वर्षाराणीनं भरपूर तूप घालून शिरा केला.

"आज काय हाय वं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"काही नाही, मन झालं." आणि दोन वाट्या खाल्ल्या.

संघ शेवटच्या नंबरावर राहून लीगबाहेर गेला. स्टँडसमोर आता खताच्या कंपनीचं बॅनर होतं.

जुलैत एका दुपारी रिसोडजवळच्या मालेगावच्या स्टँडवर तिच्या गाडीत एक पोरगी भलीमोठी बॅग ओढत चढली. आरजू. घ्यायला कोणी आलं नव्हतं. वर्षाराणीनं सगळ्यांची तिकिटं काढली, मग तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"टीव्हीवर खोटं काहून बोलली तू?"

"तूच तसं सांगतलं होतं सगळ्याईले. मी कायले तुले खोटं पाडू?" आरजू खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बाकावर बसवलं ना, तवा मी बी बॅग भरली होती, ताई. मंग तू आठवली."

वर्षाराणीला वाटलं, आता काही गोड बोलेल.

"मांगच्या ईदले आली होती मी. स्टँडवर मले पाहून तू तोंड फिरवलं. मी म्हटलं, असं जिंदगीभर तोंड फिरवत जगनं आपल्याच्यानं होत नाही. बॅग रिकामी केली."

चारचौघांत मुस्काटात बसावी तसं वर्षाराणीला झालं. गाडी खड्ड्यात आपटली तरी तिनं दांडा धरला नाही.

"तू डाव्या पायावर लवकर बसते," ती एकदम म्हणाली. "जूनपासून पाहून राह्यली मी."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू हरावी वाटे मले."

आरजू हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "कसं बसते? दाखव."

वर्षाराणीनं तिकिटाचं मशीन तिच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही बाजूंच्या सीटांमधल्या जागेत गुडघे वाकवून गोलकीपरसारखी बसली. डावा पाय आधी, मग उजवा.

आरशात बघणारा ड्रायव्हर बादल ओरडला, "ओ मॅडम, गुडघा!"

"काही झालं नाही गुडघ्याले," ती तशीच बसून म्हणाली. "कधीच झालं नव्हतं. मीच पळून आली होती."

गाडीत तिच्या गल्लीतलेही दोघं-तिघं होते, तेव्हा बातमी तिच्याआधी घरी पोचली. हरीओम कसंनुसं हसला. कस्तुराबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "तेल तं भल्लं घालवलं माह्यं."

आरजू तीन आठवडे होती. ड्युटीआधी, सहा वाजता, दोघी शाळेच्या मैदानावर जायच्या. वर्षाराणीचं जळणं काही गेलं नव्हतं. आरजूच्या अंगावर देशाचं नाव छापलेला टी-शर्ट दिसला की आतून चटका बसायचा. मग ती चेंडू त्या उजव्या कोपऱ्यात, हवा त्यापेक्षा जोरात मारायची. आरजू तो अडवायची आणि हात झटकत म्हणायची, "आणखीन एक."