मूळ बघितल्याशिवाय

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, सरकारी कृषी सल्लागार. पण गावोगाव त्यांना सगळे 'उपटबाई' म्हणायचे. पीक कसलंही असो, शेतात शिरल्या की आधी एक रोप उपटणार. झाड असलं तर खुरप्याने बाजूचं मूळ मोकळं करणार, हुंगणार आणि मगच तोंड उघडणार. तोवर चहासुद्धा नको. लोक हसायचे, पण त्यांचा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत.

पुढे त्यांच्या कार्यालयाला उतरती कळा लागली. एकेक सहकारी निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलंच नाही. रिकाम्या खुर्च्या भिंतीला लावल्या, माती तपासायच्या खोलीला कुलूप लागलं. जीप डिझेलअभावी आवारात उभी राहिली ती राहिलीच; तिच्याखाली कोंबडी अंडी उबवायला बसायची. आसपासची सगळी गावं एकट्या वन्संच्या गळ्यात. वर हुकूम आला, फिरतीला पैसे नाहीत, फोनवर फोटो मागवा आणि सल्ला द्या. वन्सं भांडल्या, पण ऐकतो कोण!

त्याच उन्हाळ्यात आमची लिंबाची झाडं पिवळी पडून माना टाकू लागली. ह्यांनी ताईला फोटो पाठवला, येऊन जा म्हणाले. त्यांना खुर्ची सोडता येईना, फोनमागून फोन. फोटो बघून त्यांनी सांगितलं, उन्हाचा ताण दिसतोय, पाणी वाढव. जन्मात न केलेली गोष्ट त्यांनी केली, तीही सख्ख्या भावाच्या बागेत. ह्यांनी ताईचा शब्द म्हणून डोळे झाकून पाणी सोडलं. झाडं अजूनच मलूल झाली, तसं आणखी सोडलं.

शेवटी रजा टाकून त्या आल्या, तेव्हा अर्धी बाग वाळली होती. आल्या तशा खुरपं घेऊन बसल्या. मुळाची साल बोटांत निसटून आली, कुजका वास सुटला. मुळं आधीच सडत होती, वरच्या पाण्याने त्यांचा घात केला. वन्सं मातीतच बसून राहिल्या. मी फणकाऱ्याने काहीतरी बोलणार होते, पण त्यांचं तोंड बघून गिळलं.

हे एवढंच म्हणाले, "ताई, तू आली असतीस तर एका झाडावर निभावलं असतं."

आवाजात राग नव्हता, तेच वाईट. मेला माझा संताप अजून जात नाही, पण काढू कुणावर? त्या रिकाम्या खुर्च्यांवर?

यंदा आम्ही नवी रोपं लावली. वन्सं बघायला आल्या होत्या. जेवताना ह्यांनी औषधाच्या दुकानदाराला फोन लावला आणि कोणती फवारणी घेऊ, म्हणून त्यालाच विचारलं. बहीण समोर बसलेली. त्या खाली मान घालून जेवल्या. हात धुतल्यावर त्यांनी दारामागचं खुरपं उचललं.

"एक मूळ बघू का रे?"

"राहू दे ताई," हे अगदी मायेने म्हणाले, "कशाला हात मळवतेस."

वन्संनी खुरपं होतं तिथे ठेवलं.