बरी न होता दिलेली साक्ष

कळमनुरीच्या बसस्टँडवर बाबांनी माझी बॅग पुण्याच्या गाडीत चढवली, हळकुंडांची पिशवी मांडीवर ठेवली आणि खाली उतरून पाठ फिरवून उभे राहिले. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन एवढंच विचारलं, "तुला देवावर भरवसा हाय का न्हाई?"

"हाय बाबा. म्हणून तर चालले," मी म्हणाले. त्यांना ते उत्तर उद्धट वाटलं. होतंच ते उद्धट, आणि अजूनही मला ते मागे घ्यायचं नाही.

हे मी आमच्या गावच्या मंडळीसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांसाठीही. आमच्या गावात ख्रिस्ती घरं जेमतेम अकरा. प्रार्थनेला पत्र्याचं देऊळ, आणि बाबा मंडळीचे पंच. दर रविवारी ते वहीतून आजारी माणसांची नावं वाचतात आणि सगळे त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. माणूस बरं झालं की उभं राहून साक्ष देतं, देवाने कसं बरं केलं ते सगळ्यांना सांगतं, मग बाबा त्याच्या नावावर रेघ मारतात. रीत चांगली आहे. ताप, कावीळ, मोडलेला पाय, सगळ्यांवर रेघा पडल्या. माझ्या किडन्या तेवढ्या हट्टी निघाल्या.

दोन्ही निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिसला जायचं, येताना एसटीत ओकत यायचं. वर्ष उलटलं तरी माझं नाव वहीत तसंच. मग एक पाहुणे प्रचारक आले आणि बाबांना म्हणाले, बरी झाली असं आधी कबूल करा, मग ती बरी होईल. बाबांनी त्याच रविवारी माझ्या नावावर रेघ मारली.

"आता मशीनवर जायचं न्हाई. रेघ मारली म्या," ते म्हणाले.

मीही गेले नाही. मशीनची एक खेप चुकली, दुसरी चुकली. पाय सुजले, छातीत पाणी भरलं, आडवं होता येईना. शेवटी माय उठली आणि शेजारच्या रशीदचाचांना जीप काढायला लावली. बाबा दारात आडवे उभे होते. त्यांना म्हणाली, "रेघ वहीत हाय, लेकरू हितं हाय. सरका."

मी वाचले. बाबा वाईट नव्हते, घाबरले होते. इतके घाबरले की देवालाच घाई करायला निघाले. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसता संताप होता, आणि त्या संतापानेच मला पुण्याला आणलं.

इथे एका दुकानात फॉल-पिको आणि ब्लाउज अल्टर करते. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मंगळवार-शुक्रवार चार चार तास मशीनवर. डाव्या हाताची शीर त्यासाठी ऑपरेशन करून धमनीला जोडून घेतली आहे; तिच्यावर बोट ठेवलं की आत घरघर जाणवते, हळद शिजवायच्या कुकरसारखी. शेजारच्या खाटेवरच्या बाई एकदा म्हणाल्या, "एवढा देव मानता, मग हे तुमच्याच वाट्याला कसं?"

"ते त्यालाच विचारते रोज," मी म्हटलं. "भांडायला तो आहे, हे काय कमी आहे?"

सुई टोचणारी सिस्टर, वजनाचा काटा, मापून प्यायचं पाणी, यातूनच तो मला सांभाळतो आहे. ज्याला यात अविश्वास दिसतो त्याने माझ्या खाटेवर एक मंगळवार काढून बघावा.

यंदा हळद निघाल्यावर गावी गेले. आमच्यात पहिली हळकुंडं सुपात घेऊन देवळात नेतात, उपकारस्तुतीला. बाबांनी यादी वाचली. माझं नाव अजून रेघेखालीच होतं. मग त्यांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची हाय का?"

मी उभी राहिले. सगळ्यांचे चेहरे फुलले. त्यांना वाटलं, झाली एकदाची पोरगी बरी.

"मी बरी झाले न्हाई," मी म्हणाले. "होईन का, ते बी ठाव न्हाई. पण एवढ्या दुखण्यात त्यानं मला एक दिवस टाकलं न्हाई, ही माझी साक्ष. बरं झाल्यावरच बोलायचं असंल तर आपल्यातले निम्मे मुक्यानंच मरतील. बाबा, माझं नाव परत लिहा."

कुणी 'आमेन' म्हणालं नाही. बाबा पेन शोधायला लागले, तो त्यांच्या खिशातच होता. त्यांनी यादीच्या शेवटी नव्याने नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "एस्तर. माही पोरगी." पुढची प्रार्थना त्यांना जमली नाही, ती मायने केली.

आता रविवारी सकाळी माय फोन लावून देवळातल्या बाकावर ठेवून देते. मी इथे खोलीत भाजी निवडत ऐकते. कुणाचा खोकला, कुणाचं रडणारं लेकरू, आणि मग बाबांच्या आवाजात माझं नाव. दुकानातल्या बायका विचारतात, तुझं घर नक्की कुठलं, इथलं की तिथलं? माझं घर म्हणजे ती वही. तिच्यात मी आजारी आहे, आणि आहे. आणि मंडळीला एक सांगून ठेवते: माझ्या नावावर पुन्हा रेघ मारायची वेळ आली, तर पेन माझ्या हातात द्यायचा.